कोळशाचा पट्टा आणि विजेची वाट



पनवेलीत कोळशावर व्याख्यान कशाला, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल, आणि तो रास्त आहे. या तालुक्यात मीठ पिकले, भात पिकला, खाडीच्या बंदरातून गलबते गेली, 1852 साली येथे नगरपालिका झाली, शिरढोणच्या वासुदेव बळवंतांनी इंग्रज सरकारची झोप उडवली. कोळशाचा खडा मात्र येथील जमिनीतून कधी निघाला नाही. कोकणच्या काळ्या पाषाणाखाली तो निघणारही नाही. तरीही आपल्या डोक्यावर जे पंखे फिरत आहेत त्यांची दोरी कोळशाच्या हाती आहे. चंद्रपूरच्या वीजकेंद्रापासून कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत 752 किलोमीटरची एक वाहिनी आहे. 1500 मेगावॉट शक्ती वाहून नेण्यासाठी ती गेल्या शतकाच्या अगदी अखेरीस उभी राहिली. एकदा तारेत शिरलेली वीज ही कोणत्या गावची, हे सांगता येत नाही. पाण्यात पाणी मिसळावे तशी ती मिसळते. पण मुंबई, ठाणे आणि आपला रायगड जिल्हा यांच्या वाट्याला येणाऱ्या विजेत विदर्भातला कोळसा आहे, एवढे निश्चित.

म्हणून आजच्या विषयाला आम्ही निर्यात हा शब्द लावतो तेव्हा नुसती जहाजे डोळ्यांपुढे आणू नयेत. शक्ती गावाबाहेर अनेक रूपांनी जाते. ती वाघिणीत भरून जाते, तारेतून जाते, पोलादाच्या सळईत आणि सिमेंटच्या गोणीत दडूनही जाते. कोकणही एके काळी असाच निर्यातदार होता. 1915 साली टाटांनी खोपोलीस जलविद्युत् केंद्र सुरू केले ते खोपोलीच्या दिव्यांसाठी नव्हे, मुंबईच्या गिरण्यांसाठी. सह्याद्रीवर पडलेला पाऊस तारेवरून गिरणगावात गेला. खोपोलीला त्यातून कारखाने मिळाले, नोकऱ्या मिळाल्या, हे खरे. परंतु पाणी कोठे वळवावयाचे हे ठरविताना मावळातल्या शेतकऱ्याला कोणी विचारले नव्हते, आणि जेव्हा मुळशीला तो विचार न घेताच धरण होऊ लागले तेव्हा सेनापती बापटांना सत्याग्रह करावा लागला. पाण्याच्या बाबतीत जे झाले तेच कोळशाच्या बाबतीत, फक्त अधिक सावकाश आणि अधिक कागदोपत्री झाले आहे.

कागदाचे नाव पट्टा. सात-बाराचा उतारा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. पण त्या उताऱ्यावरची जमीन किती खोल आपली, हे त्यात लिहिलेले नसते. बंगाल-बिहारात कायमधाऱ्यामुळे भूगर्भही जमीनदाराचा मानला गेला. राणीगंजला 1774 साली कंपनीच्या काळात पहिली कोळशाची खाण निघाली, आणि पुढे झरियापर्यंत जो तो जमीनदार सलामी घेऊन लहान लहान तुकड्यांचे पट्टे देत सुटला. पट्टा लहान, मुदतीची खात्री नाही, तेव्हा पट्टेदाराने वरचा चांगला थर ओरबाडून काढावा आणि खालचा आगीला व पाण्याला सोडून द्यावा, हे ओघानेच आले. झरियाच्या पोटात आजही आगी धुमसत आहेत. वाईट भाडेपट्टा हा वाईट सुरुंगाइतकाच विध्वंसक असतो, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

मध्यप्रांतात मात्र भूगर्भ सरकारचा होता. ज्या वरोऱ्याला आज आपण बाबा आमट्यांच्या आनंदवनामुळे ओळखतो, त्या वरोऱ्यास एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात सरकारने स्वतः कोळशाची खाण चालविली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून आगगाडीचा फाटा नेला. 1906 साली ती खाण बंद पडली आणि काम बल्लारपुराकडे सरकले. म्हणजे सरकारने खाण चालवावी की खाजगी माणसाने, हा वाद आपल्या मुलखात दीडशे वर्षांचा आहे. तो 1973 साली सुरू झाला नाही आणि 2020 साली संपलाही नाही.

आता निर्यातीकडे वळू. हिंदुस्थानचा कोळसा एके काळी समुद्रापार जात असे. कलकत्त्याहून निघालेली कोळशाची जहाजे सिलोनला, रंगूनला, सिंगापूरला जात. पहिल्या महायुद्धानंतर रेल्वेच्या वाघिणी पुरेनात, देशातच कोळशाची ओरड झाली आणि सरकारने निर्यातीवर बंधने घातली. हेतू वाईट नव्हता. परंतु कोलंबोच्या बंदरातला कोळशाचा व्यापारी आपल्यासाठी थांबून राहतो काय? त्याने दक्षिण आफ्रिकेचा कोळसा घेतला. दोन-तीन वर्षांनी बंधने उठली तेव्हा गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी बसले होते. एवढ्यावरच थांबले असते तरी चालले असते; पण हाच नाताळचा कोळसा मुंबईच्या गोदीत उतरू लागला, आणि बंगालहून रेल्वेने येणाऱ्या देशी कोळशापेक्षा तो गिरणीवाल्यांना परवडू लागला. आफ्रिकेतले सरकार निर्यातीच्या कोळशाला रेल्वेभाड्यात सवलत देत होते. आपल्याकडे चौकशी समिती नेमली गेली, 1925 साली कोळशाची प्रतवारी ठरविणारे मंडळ कायद्याने स्थापन झाले, भाड्यात सूट आली.

मुंबईच्या किनाऱ्यापुरते बोलावयाचे तर या गोष्टीचे तात्पर्य आजही तसेच्या तसे लागू आहे. खाण लांब, रेल्वेभाडे जड, आणि समुद्र दाराशी. तुर्भ्याच्या टाटांच्या केंद्रात इंडोनेशियाचा कोळसा जळतो. रत्नागिरीजवळ जयगडला 1200 मेगावॉटचे केंद्र आयात कोळशावर उभे आहे. आणि अलिबागच्या वाटेवर धरमतरच्या खाडीत परदेशी कोळशाची गलबते, आता त्यांना बार्ज म्हणावयाचे, रोज येताना आपण पाहतो. ज्या महाराष्ट्राच्या पूर्वेला वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळशाचे थर पसरले आहेत, त्याच्या पश्चिमेस कोळसा बोटीने येतो. हा नुसता भूगोल नव्हे, हे धोरण आहे, आणि ते कसे घडले ते पाहावयास हवे.

स्वातंत्र्यानंतर कोळसा हा परराष्ट्रनीतीचेही हत्यार झाला. 1949 च्या सप्टेंबरात रुपयाचे अवमूल्यन झाले, पाकिस्तानने आपला रुपया उतरविला नाही, तागाच्या किमतीवरून भांडण जुंपले, आणि वर्षअखेरीस आपण पाकिस्तानला जाणारा कोळसा रोखून धरला. 1951 च्या फेब्रुवारीत करार होऊन तो पुन्हा जाऊ लागला. 1957 साली खाणी व खनिजांचा मोठा कायदा आला. खनिज राज्याच्या मालकीचे, पण कोळशाचा पट्टा देण्यापूर्वी केंद्राची संमती हवी, आणि स्वामित्वशुल्काचा दर केंद्र ठरविणार, अशी ती वाटणी. घर एकाचे आणि किल्ली दुसऱ्याकडे, असे आम्ही याचे वर्णन करू. मग 1972 साली कोकिंग कोळशाच्या 214 खाणी आणि 1973 च्या मे महिन्यात उरलेल्या 711 खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. मोहन कुमारमंगलम् हे त्या वेळचे मंत्री. त्याच महिन्याच्या शेवटी विमानाच्या अपघातात ते गेले. 1975 साली कोल इंडिया निघाली आणि तिची पश्चिमेकडील शाखा, वेस्टर्न कोलफील्ड्स, नागपुरास बसली.

राष्ट्रीयीकरणाला एक खिडकी ठेवलेली होती. 1976 साली पोलादवाल्यांना, 1993 साली वीजवाल्यांना आणि पुढे सिमेंटवाल्यांना स्वतःच्या कारखान्यापुरती खाण घेण्याची मुभा मिळाली. विक्री करावयाची नाही, स्वतः जाळावयाचा. कल्पना चांगली होती. पण पट्टा कोणाला, हे दिल्लीतील एक छाननी समिती ठरवीत असे, आणि लिलाव नव्हता. 1993 पासूनच्या दोन दशकांत 218 पट्टे असे वाटले गेले. 2012 साली महालेखापालांनी खाजगी पट्टेदारांना झालेला लाभ 1.86 लाख कोटी रुपयांचा असल्याचा अंदाज केला. आकडा खरा की फुगवलेला, यावर पुष्कळ भांडण झाले. आम्हांस त्या भांडणात रस नाही. 25 ऑगस्ट 2014 रोजी सरन्यायाधीश लोढा, न्यायमूर्ती लोकूर आणि न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनी ही सारी वाटपे मनमानी ठरविली आणि महिन्याभरात दोनशेहून अधिक पट्टे रद्द केले. काढलेल्या प्रत्येक टनामागे 295 रुपये भरावयास लावले.

यातील एका पट्ट्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगावयास हवी, कारण ती आमच्या मते सर्व विषयाचे मर्म आहे. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती तालुक्यात बरांज नावाचे गाव आहे. तेथील कोळशाचे पट्टे कर्नाटक सरकारच्या वीज महामंडळाला मिळाले होते. कोळसा भद्रावतीचा, जमीन भद्रावतीच्या शेतकऱ्याची, धूळ त्याच्या कपाशीवर. आणि तो कोळसा जाई बळ्ळारीच्या वीजकेंद्राकडे. कर्नाटक काही परका देश नव्हे. बंगळुरात दिवा लागला याचे दुःख मानण्याइतके आम्ही कोत्या मनाचे नाही. पण 2014 च्या निकालाने पट्टा गेला, 2015 च्या वसंतात खाण बंद पडली, आणि मग काय झाले? तोच पट्टा पुन्हा त्याच महामंडळाला मिळाला, तरी खाण वर्षानुवर्षे बंद राहिली. जमीन गेलेली, नोकरी गेलेली, पुनर्वसन अर्धे. बरांजच्या माणसाने दाद कोणाकडे मागावी? मुंबई म्हणणार, खाण कर्नाटकाची. बंगळूर म्हणणार, कंत्राटदाराला विचारा. दिल्ली म्हणणार, प्रकरण विचाराधीन आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहा. आमच्या महाराष्ट्राच्या वीजनिर्मिती कंपनीला, महाजनकोला, कोळशाचा मोठा पट्टा मिळाला तो कोठे? छत्तीसगढात, गारे पाल्मा येथे, आणि त्या जिल्ह्याचे नाव रायगढ! आपला रायगड जिल्हा वीज वापरतो आणि त्यांचा रायगढ जिल्हा जंगल देतो. तमनारच्या बाजूच्या आदिवासी गावांनी त्या खाणीला वर्षानुवर्षे विरोध केला. 2025 साली तेथे झाडांवर कुऱ्हाड चालू झाली तेव्हाही केला. तो कोळसा यावयाचा चंद्रपूर, कोराडी आणि परळीच्या संचांसाठी. म्हणजे चंद्रपूरचा कोळसा चंद्रपुरातून बळ्ळारीस आणि रायगढचा कोळसा चंद्रपुरास! दोन्हीकडे आगगाडी, दोन्हीकडे भाडे, दोन्हीकडे विस्थापित. कोणा शहाण्या कारभाऱ्याने आपल्या घरची ज्वारी शेजारच्या गावी पाठवून तिसऱ्या गावाहून ज्वारी आणलेली आम्ही पाहिली नाही. कोळशाची प्रत वेगळी असते, संच विशिष्ट कोळशासाठी बांधलेले असतात, ही कारणे आम्हांस ठाऊक आहेत. पण बरांज आणि गारे पाल्मा यांच्या बाबतीत प्रतीपेक्षा वाटपाची रांग अधिक निर्णायक ठरली, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या रांगेत वाघही उभा होता. ताडोबाच्या लगत लोहाऱ्याचा पट्टा अदानींच्या गोंदिया जिल्ह्यातील तिरोड्याच्या 3300 मेगावॉटच्या केंद्रासाठी ठरला होता. चंद्रपूरच्या लोकांनी आंदोलन केले आणि तो पट्टा रद्द झाला. याचा आम्हांस आनंद आहे. मात्र केंद्र तर उभे राहिले. मग कोळसा दुसरीकडून, महाग घ्यावा लागला, आणि त्या जादा खर्चाची भरपाई कोणी करावयाची हा वाद वीज नियामक आयोगाकडे गेला. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने असा दंडक घालून दिला की देशातील सरकारी धोरणामुळे देशी कोळसा कमी पडला तर तो कायद्यातील बदल समजावा, आणि त्याचा भार वीज घेणाऱ्यावर पडेल. वीज घेणारी महावितरण, आणि महावितरणचे ग्राहक म्हणजे आपण. जंगल राखण्याचा खर्च आपण उचलावा, यास आमची तक्रार नाही. पण ताडोबाच्या सीमेवर पट्टा आखणाऱ्याने आधीच नकाशा पाहिला असता तर हा खर्च निघालाच नसता. 2020 साली पुन्हा त्याच भागातला बंदर नावाचा पट्टा लिलावाच्या यादीत आला, महाराष्ट्राने हरकत घेतली, आणि तो वगळावा लागला. दहा वर्षांत नकाशा पाहण्याची सवय लागली नव्हती, असे दिसते.

2020 च्या जूनमध्ये जे लिलाव सुरू झाले त्यांनी एक मोठा बदल केला, त्याकडे लक्ष वेधतो. पूर्वीचा पट्टा सांगत असे की कोळसा या कारखान्यात जाळ. नवा पट्टा असे काही सांगत नाही. विक्रीवर आणि वापरावर बंधन नाही, बोली फक्त उत्पन्नातील सरकारी वाट्याची, आणि ती किमान चार टक्क्यांपासून. लिलाव हा छाननी समितीपेक्षा शंभर पटींनी बरा, यात वाद नाही. पण लिलावातही फसगत असते. अमेरिकेत वायोमिंग आणि माँटाना या राज्यांत पावडर नदीचे खोरे आहे. तेथील कोळसा संघसरकार लिलावाने पट्ट्यावर देते. बहुतेक लिलावांत बोली लावणारा एकच असे, कारण पट्टा शेजारच्या खाणवाल्यालाच उपयोगी! काही कंपन्या कोळसा आपल्याच भगिनीकंपनीला स्वस्तात विकून त्या किमतीवर स्वामित्वशुल्क भरीत आणि भगिनीकंपनी तो आशियात चढ्या भावाने पाठवी. 2016 च्या जानेवारीत तेथील सरकारने नवे पट्टे थांबविले, 2017 च्या मार्चमध्ये पुढच्या सरकारने ते पुन्हा चालू केले. मधल्या काळात पश्चिम किनाऱ्यावर चेरी पॉइंट येथे होऊ घातलेले कोळशाचे बंदर लमी नावाच्या आदिवासी जमातीने मासेमारीच्या जुन्या तहाच्या आधारे अडविले. कोळीवाड्यांच्या शेजारी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही बातमी विशेष कळावी.

आपला देश आज कोळशाचा निर्यातदार आहे काय? नावापुरता. 2024-25 साली आपण शंभर कोटी टनांहून अधिक कोळसा काढला, आणि बाहेर गेला तो पंधरा-वीस लाख टनांच्या आसपास, मुख्यतः नेपाळ-बांगलादेशाकडे. उलट, वीस कोटी टनांहून अधिक आला. तेव्हा दुसऱ्यांचे पट्टे आणि दुसऱ्यांची निर्यातनीती हीच आपली चिंता. मुंद्र्याचे टाटांचे 4000 मेगावॉटचे केंद्र घ्या. त्यातील वीज महाराष्ट्रही घेतो. सरासरी 2.26 रुपये युनिट या दराने बोली जिंकली, कोळसा इंडोनेशियाचा, तेथील खाणींत भागीदारीही घेतली. मग इंडोनेशियाने ठरविले की निर्यात सरकारी दरापेक्षा कमी किमतीत होणार नाही. स्वस्त कोळशाचे गणित कोसळले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, परदेशच्या कायद्यातला बदल हा सबब होऊ शकत नाही. ठीक, पण तोट्यात वीज कोण किती दिवस करील? संच बंद राहिले आणि महागडी वीज दुसरीकडून घेण्याची वेळ आली. 2022 च्या जानेवारीत तर इंडोनेशियाने निर्यातच काही आठवडे रोखली, कारण त्यांच्या स्वतःच्या वीजकेंद्रांना कोळसा पुरेना. खाणवाल्यांनी चौथा हिस्सा आधी देशाला द्यावा, हा तेथील नियम. आपल्या लिलावाच्या अटींत असा शब्द आहे काय, हे कोणी तरी लोकसभेत विचारावे.

आणि निर्यातीचा सर्वांत विचित्र नमुना झारखंडात गोड्ड्यास आहे. झारखंड म्हणजे कोळशाचे माहेर. तेथे 1600 मेगावॉटचे केंद्र उभे राहिले, करार 2017 चा, आणि वीज सगळी बांगलादेशाला. कोळसा झारखंडचा म्हणाल तर तोही नाही. तो ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या कारमायकल खाणीतून, धामरा बंदरातून आणि तेथून आगगाडीने. ज्या जिल्ह्यातून वीज जाते त्याच्या वाट्याला राख आणि जमिनीचे दावे. 2024 च्या ऑगस्टमध्ये ढाक्यातले सरकार कोसळले तेव्हा दिल्लीने आठवड्याभरात नियम बदलून ही वीज देशातही विकण्यास परवानगी दिली. जी तत्परता कंपनीसाठी आठवड्यात शक्य होते ती बरांजच्या शेतकऱ्यासाठी पाच वर्षांत का होऊ नये?

पैशाच्या वाटणीचेही दोन शब्द. कोळशावर 2012 पासून किमतीच्या 14 टक्के स्वामित्वशुल्क राज्याला मिळते, आणि 2015 पासून त्यात भर घालून जिल्हा खनिज निधी निघाला आहे. तो खाणीच्या जिल्ह्यात खर्च व्हावयाचा. हा अलीकडच्या सुधारणांतला आम्हांस सर्वांत शहाणपणाचा वाटतो. पण विजेवरचा कर जेथे वीज वापरली जाते तेथे बसतो, जेथे कोळसा जळतो तेथे नव्हे. म्हणून केंद्र जेथे धूर सोडते त्या राज्याला धूर मिळतो आणि वापरणाऱ्या राज्याला कर. राखेवर एखादा कर बसवून तो केंद्राच्या परिसरातील गावांना द्यावा, अशी आमची सूचना आहे. तिचा बोजा युनिटमागे काही पैशांचा पडेल आणि तो आपणांवर पडेल, हे आधीच सांगून ठेवतो. टाळ्या जपून वाजवाव्यात.

आपल्या विजेच्या बिलावर स्थिर आकार, वहन आकार आणि वीज शुल्क यांच्या जोडीला इंधन समायोजन आकार नावाची एक ओळ येते. इंडोनेशियाचा हुकूम, लोहाऱ्याचा वाघ आणि दिल्लीतली छाननी समिती या सर्वांचा हिशेब त्या एका ओळीतून आपल्या घरी पोचतो. दरवाढीच्या प्रस्तावांवर नियामक आयोग जाहीर सुनावणी घेतो, आणि तेथे कोणाही ग्राहकाला लेखी हरकत देता येते. वकील लागत नाही. त्या सुनावणीत कोळसा कोणत्या पट्ट्यातून, किती भाड्याने आला असा प्रश्न विचारणारे लोक फार थोडे असतात. पनवेलीतून या वर्षी पाचपंचवीस हरकती जाव्यात, असे आम्हांस वाटते. मसुदा मराठीत करून येथे कार्यवाहांजवळ ठेवला आहे. प्रश्नोत्तरांना अर्धा तास आहे, आणि ज्यांनी घरचे बिल बरोबर आणले असेल त्यांनी पुढे यावे. कोणती ओळ कोठून आली हे दाखविण्यास आम्ही थांबलो आहोत.